ट्रामने अलिबागला धाडलेली वेधशाळा

मुंबईच्या ट्रामवर लेख हवा, असं संपादकांनी सांगितलं आणि मी अलिबागची वाट धरली. रायगडच्या किनाऱ्यावर ट्राम कधीच धावली नाही. पण अलिबागची चुंबकीय वेधशाळा तिथे उभी आहे ती मुंबईच्या ट्राममुळेच.

ट्रामचा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. १८७४ च्या मे महिन्यात कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी या मार्गांवर घोड्यांची ट्राम सुरू झाली. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली, १९२० मध्ये दुमजली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची गाडी गेली.

अडचण होती ती विजेच्या गाडीला प्रवाह पुरवण्याच्या पद्धतीत. डोक्यावरच्या तारेतून येणारा एकदिश प्रवाह मोटर फिरवून रुळांवाटे वीजघराकडे परततो. रूळ रस्त्यात पुरलेले असल्याने या प्रवाहातला काही भाग जमिनीत झिरपतो. गाडी सुटली की प्रवाह वाढतो, थांबली की घटतो. प्रवाशाला याचा पत्ताही लागत नाही, चुंबकसूचीला मात्र लगेच लागतो.

कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत होत्या. ट्राम विजेवर न्यायचं ठरलं, तेव्हा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक डॉ. नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस यांनी पुढचा धोका ओळखला. शहराला विजेची ट्राम हवी होती, म्हणून वेधशाळेनेच जागा सोडायची ठरली. मुंबईपासून सुमारे तीस किलोमीटरवर, समुद्रापलीकडचं अलिबाग निवडलं गेलं. तपासून घेतलेला, चुंबकीय नसलेला पोरबंदरी दगड वापरून इमारत उभी राहिली आणि १९०४ मध्ये नोंदी सुरू झाल्या.

मला सर्वांत भावलं ते यापुढचं. मूस यांनी कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. ते आकडे शेजारी ठेवून दोन जागांमधला फरक काढता आला आणि मालिका सांधली गेली. विजेची ट्राम सुरू होण्याआधीच हे काम उरकलं होतं.

नोंदींचा हा धागा किती मोलाचा, हे १८५९ च्या सौर वादळाने दाखवलं. २ सप्टेंबरला कुलाब्याच्या नोंदीत क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने कोसळला होता. सुमारे दीड शतकानंतर शास्त्रज्ञांनी त्याच आकड्यांवरून त्या वादळाची तीव्रता मांडली. आज असं वादळ आलं, तर उपग्रह आणि वीजवाहिन्या दोन्ही संकटात येतील.

आता अखंड नोंद इलेक्ट्रॉनिक यंत्रं ठेवतात, तरी माणसाच्या हातचं मोजमाप सुटलेलं नाही. निरीक्षक किल्ल्या, घड्याळ, मोबाइल, पट्टा बाहेर काढून ठेवतो. लोखंड नसलेल्या थिओडोलाइटच्या दुर्बिणीवर चुंबकीय संवेदक बसवलेला असतो. दूरची ठरलेली खूण दुर्बिणीत धरायची, मग संवेदक शून्य दाखवेपर्यंत दुर्बीण हळूहळू फिरवायची, कोन वाचायचा, दुर्बीण उलटी करून पुन्हा वाचायचा. संवेदक दुर्बिणीवर किंचित तिरका बसला असेल, तर ती चूकही या उलटापालटीत हिशेबातून निघून जाते. यंत्रांच्या नोंदी याच मोजमापाशी ताडून घेतात. खिशात एखादी किल्ली राहिली, तरी कोन चुकतो.

आणि इथेच काळजी सुरू होते. १९०४ चं शांत अलिबाग आता राहिलेलं नाही. २०२० पासून मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट मोटारी थेट अलिबागजवळच्या मांडव्याला उतरवते. बंगले, हॉटेलं, लोखंडी सळयांची बांधकामं वाढत आहेत. अलिबागला रेल्वे यावी, ही मागणीही जुनी आहे आणि रास्त आहे. पण लोखंड आणि वीजप्रवाह जवळ आले की सूक्ष्म मोजमाप बिघडतं. ही वेधशाळा चालवणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे देशात इतर वेधशाळा आहेत, तरी त्या इथली मालिका पुढे चालवू शकत नाहीत. या आकड्यांचं मोल एका जागी शतकाहून जास्त काळ टिकण्यात आहे.

मुंबईची विजेची ट्राम ५७ वर्षं चालली. तिच्यासाठी हललेल्या वेधशाळेने शंभरी कधीच ओलांडली आहे. मूस यांच्याकडे निदान समुद्रापलीकडची मोकळी जागा आणि जुळणीसाठी दोन वर्षं होती. आज अलिबागच्या रस्त्यांचे, रुळांचे, इमारतींचे आराखडे आखणाऱ्यांनी कागदावर पहिली रेघ मारण्याआधी वेधशाळेतल्या शास्त्रज्ञांना विचारावं. वेधशाळेभोवती किती अंतर मोकळं ठेवायचं, हे त्यांच्याकडून समजून घ्यावं आणि तेवढं अंतर कायद्याने राखावं.