बंदीत आराम झाला, तरी सांधे का दुखतात?

मंडळी, १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर किनाऱ्याला. दोन महिने दोर ओढला नाही, बर्फाची पेटी उचलली नाही. तरी आमच्या ओळखीच्या एका तांडेलदादांची सकाळ काही सुधारली नाही. उठल्यावर मूठ वळायची नाही, शर्टाची बटणं वहिनी लावून द्यायच्या. दहा वाजले की हात सुटायचे. घरात सगळ्यांचं एकच, एवढी वर्षं जाळं ओढलंय, हात दुखणारच!

इथेच फसगत होते. झिजलेला सांधा काम केलं की दुखतो, बसलं की बरा वाटतो. सकाळी आखडला तरी अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो. सुजेच्या वाताचं उलटं. तो आरामात आखडतो आणि हालचालीने सुटतो. सकाळचा ताठरपणा तासभर टिकला, दोन्ही हातांची बोटं-मनगटं सुजली आणि हे सहा आठवडे चाललं, तर ते कामाचं दुखणं समजून सोडून देऊ नका.

याचा डॉक्टर वेगळा असतो. त्याला ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे संधिवाततज्ज्ञ म्हणतात. हाड मोडलं, गुडघा बदलायचा झाला तर हाडांचा सर्जन. हा ऑपरेशन करत नाही. तो एकेक सांधा दाबून बघतो, रक्तात सूज किती ते तपासतो, आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी बघतो आणि औषधाने रोग आवरतो. आमवातात शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्तीच सांध्याच्या अस्तरावर उठते. पहिल्या एक-दोन वर्षांतच हाड कुरतडलं जाऊ शकतं आणि वाकडं झालेलं बोट गोळीने सरळ होत नाही. म्हणून घाई. बायकांना हा रोग पुरुषांपेक्षा दुप्पट-तिप्पट होतो. मासळी विकणाऱ्या, सुंगटं सोलणाऱ्या आपल्या ताई बर्फाच्या पाण्याला दोष देतात. थंडीने कळ वाढते हे खरं, पण रोग बर्फाने होत नाही.

पोरसवदा खलाशांची कंबर हा दुसरा घोटाळा. चाळिशीच्या आतला मुलगा, तीन महिन्यांहून जास्त कंबर दुखते, पहाटे दुखण्याने जाग येते, उठून डेकवर फेऱ्या मारल्या की बरं वाटतं. हा मणक्याचा वात असू शकतो. नुसता पट्टा बांधून चालणार नाही.

आणि रात्रीत अंगठा लालबुंद सुजला, चादरीचा स्पर्शही सोसवेना, तर बहुधा युरिक ॲसिड. बियर, तारले, सुंगटं आणि समुद्रावर कमी प्यायलेलं पाणी, सगळं मिळून ते भडकतं. ऐन दुखण्यात रक्ताचा आकडा नॉर्मल येऊ शकतो, तेव्हा डॉक्टर सांध्यातलं पाणी काढून बघतात.

बाजारातल्या पुडीबद्दल स्पष्टच बोलतो. दोन दिवसांत जादूसारखा फरक पडला तर तिच्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्या. पण बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंदही करू नका, ती पुडी घेऊन डॉक्टरकडे जा. रोजच्या पेनकिलरने किडनी आणि पोट बिघडतं ते वेगळंच.

तज्ज्ञ जवळ नसेल तर आधी सरकारी इस्पितळात मेडिसिनच्या ओपीडीत दाखवा आणि तिथून चिठ्ठी मागा. सकाळी सुजलेल्या हाताचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण दुपारी नंबर लागेपर्यंत सूज उतरलेली असते.

आमवातावर बहुतेकांना मेथोट्रेक्सेट देतात. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. ती चालू असताना दारू टाळायची, ठरल्या वेळी रक्त तपासायचं. मूल हवं असेल तर बाई असो वा पुरुष, आधी डॉक्टरला विचारायचं. बोटीवर वारांचा हिशेब राहत नाही, म्हणून तांडेलदादांनी रविवार ठरवलाय. वहिनी ट्रिपला निघताना तेवढ्याच गोळ्या मोजून डबीत देतात, बाकीची पट्टी घरी.