चेन्नईत छापलेला ‘चांदोबा’ महाजालावरून का हरवला?

चेन्नई : विक्रमाच्या खांद्यावरील वेताळ मराठी मुलांच्या अनेक पिढ्यांना ‘चांदोबा’ मासिकाने ओळखीचा करून दिला. मात्र हे मासिक पुण्या-मुंबईत तयार होत नव्हते. त्याचे घर तेव्हाच्या मद्रासमधील वडपळनी भागात होते. छापील अंक बंद पडून एक तप उलटले आहे आणि जुन्या अंकांचे अधिकृत संकेतस्थळही नाहीसे झाले आहे. चित्रकथा आणि संगणक या दोन्हींचा छंद जोपासणाऱ्यांपुढे त्यामुळे एक प्रश्न उभा आहे : कागदावर टिकलेले साहित्य महाजालावर का टिकले नाही?

एकच चित्र, अनेक भाषा

बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै 1947मध्ये तेलुगूत ‘चंदमामा’ आणि तमिळमध्ये ‘अंबुलिमामा’ सुरू केले. मराठी ‘चांदोबा’ 1952मध्ये आला. पुढे संस्कृत आणि संथाळीसह भाषांची संख्या डझनाच्या वर गेली. चित्रपटनिर्मितीत नाव कमावलेल्या नागी रेड्डी यांच्याकडे उत्तम छपाईची व्यवस्था होती. कथा प्रामुख्याने तेलुगूत सिद्ध होत आणि तेथून इतर भाषांत जात. कोडवटिगंटी कुटुंबराव यांनी 1952 ते 1980 या काळात संपादनाची धुरा वाहिली. चित्रे सर्व भाषांत तीच राहत. बदलत असे तो मजकूर. बहुरंगी छपाईचा खर्च अनेक आवृत्त्यांवर विभागला गेल्याने किंमत सामान्य घराला परवडणारी राहिली.

खांद्यावर प्रेत घेऊन हातात तलवार धरलेला विक्रम ही प्रतिमा के. सी. शिवशंकरन अर्थात ‘शंकर’ यांची. सोमदेवाच्या अकराव्या शतकातील ‘कथासरित्सागरा’त वेताळाच्या कथा पंचवीस आहेत, मासिकाने त्याच चौकटीत नव्या कथा गुंफत ही मालिका अनेक दशके चालविली. शंकर यांचे 29 सप्टेंबर 2020 रोजी चेन्नईत निधन झाले. 2021मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली.

संकेतस्थळ म्हणजे भाड्याचे घर

1998मध्ये प्रकाशन थांबले आणि पुढल्या वर्षी नव्या गुंतवणुकीच्या बळावर पुन्हा सुरू झाले. 2007मध्ये मुंबईतील जिओडेसिक या सॉफ्टवेअर कंपनीने मासिक विकत घेतले. अनेक भाषांतील जुने अंक संकेतस्थळावर वाचायला मिळू लागले. परंतु 2013मध्ये अंक बंद पडले. कर्जरोख्यांची परतफेड न झाल्याने कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने 2014मध्ये दिला. 2016मध्ये संकेतस्थळाच्या नावाची मुदतही संपली.

याचे कारण संकेतस्थळाच्या रचनेत आहे. संकेतस्थळ तीन गोष्टींवर उभे असते : डोमेन म्हणजे पत्ता, सर्व्हर म्हणजे जागा आणि तेथे ठेवलेला मजकूर. यांपैकी पत्ता कधीच कायमचा विकत मिळत नाही. डॉट कॉम नावाची नोंदणी एका वेळी अधिकाधिक दहा वर्षांसाठी होते. नूतनीकरण चुकले, की सवलतीचा काळ, त्यानंतर 30 दिवसांचा सोडवणुकीचा काळ आणि शेवटी पाच दिवसांची प्रतीक्षा असे टप्पे संपल्यावर तो पत्ता कोणालाही घेता येतो. सर्व्हरचे भाडे थकल्यास मजकूरही पुसला जातो. छापील अंकाचे तसे नसते. प्रकाशक बुडाला तरी माळ्यावरच्या ट्रंकेतील अंक जागच्या जागी राहतो.

स्कॅन केले म्हणजे जपले का?

छंदिष्ट वाचकांनी स्वतःजवळचे अंक स्कॅन करून सांभाळले आणि काही अंक ‘इंटरनेट आर्काइव्ह’सारख्या डिजिटल ग्रंथालयात पोहोचले. तथापि स्कॅन केलेले पान हे केवळ छायाचित्र असते. त्यातील शब्द शोधता येत नाहीत. त्यासाठी अक्षरओळख करणारी प्रणाली लागते. मुक्त स्रोत असलेली ‘टेसरॅक्ट’ मराठी वाचू शकते. परंतु पुसट शाई, जोडाक्षरे आणि चित्रांभोवती वळविलेला मजकूर येथे ती अडखळते. शुद्धलेखनाची अडचण वेगळीच आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांना 1962मध्ये शासनमान्यता मिळाली. त्यापूर्वीच्या छपाईत अनुच्चारित अनुस्वार सर्रास असत. यंत्राने ते ‘चूक’ समजून गाळल्यास त्या काळातील मराठीचा पुरावाच पुसला जाईल.

कायद्याचे कोडे

अंक जवळ आहे, म्हणून तो सर्वांसाठी खुला करण्याचा अधिकार मिळत नाही. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखक किंवा चित्रकाराच्या निधनानंतर 60 वर्षे हक्क कायम राहतो. निनावी लेखनाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षे असतो. मात्र त्या अवधीत लेखकाची ओळख उघड झाल्यास मुदत त्याच्या निधनापासून मोजली जाते. परिणामी एकाच पानावर दोन मुदती लागू होऊ शकतात. 1964च्या अंकातील खऱ्या अर्थाने निनावी कथा 2025च्या प्रारंभी मुक्त झाली, असे म्हणता येईल. तिच्याच शेजारील शंकर यांचे चित्र 2080च्या अखेरपर्यंत संरक्षित राहील.

ग्रंथालयांसाठी एक वाट मोकळी आहे. 2012च्या दुरुस्तीनुसार, संग्रहात छापील प्रत असल्यास ना-नफा सार्वजनिक ग्रंथालय जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवू शकते. मात्र संकेतस्थळांना असा आधार नाही. 1954च्या कायद्यानुसार प्रकाशकाने नव्या पुस्तकाची प्रत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि चेन्नईचे कोन्नेमारा ग्रंथालय यांसह चार ठिकाणी द्यावी लागते. हा कायदा छापील साहित्यापुरता आहे.

चेन्नईतच याचे उत्तरही दिसते. कोट्टैयूर येथील रोजा मुथय्या यांनी एकट्याने जमविलेल्या तमिळ ग्रंथ-नियतकालिकांतून 1994मध्ये रोजा मुथय्या संशोधन ग्रंथालय उभे राहिले. एका छांदिष्टाचा संग्रह संस्थेच्या हाती गेला, सूचीबद्ध झाला, सूक्ष्मपटांवर उतरला आणि म्हणून टिकला.

मराठी घरांत ‘चांदोबा’चे जुने अंक असतील, तर त्यांची पहिली गरज साधी आहे : महिना आणि वर्षाची नोंद, गंजलेल्या टाचण्या काढणे, कोरडी जागा आणि एखाद्या ग्रंथालयाला त्यांची माहिती. स्कॅनिंग त्यानंतरही करता येते. रद्दीत गेलेला अंक मात्र परत मिळवता येत नाही.