'नाय', 'नजीक' आणि नाभानेदिष्ठ : सामीप्यवाचक शब्दांविषयी काही विचार

इंग्रजीतील 'नाय' हा शब्द आज व्यवहारातून जवळजवळ उठून गेला आहे. १६११ च्या बायबलच्या भाषांतरात, जुन्या काव्यात आणि 'वेल-नाय' यासारख्या एखाद्या जोडशब्दात तो विद्यार्थ्यांना भेटतो. कोशात 'जवळ' हा अर्थ पाहून ते पुढे जातात. (आपल्या बोलींतील नकारार्थी 'नाय'शी या शब्दाचा केवळ ध्वनिसाम्यापुरता संबंध आहे, हे सांगण्याची वस्तुतः गरज नसावी.) तथापि या शब्दाचा इतिहास मराठीच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावा असा आहे, कारण त्यातून जे तत्त्व निघते, त्याच्या आधारे आपल्या एका नित्य परिचयाच्या शब्दाचे कुळ उलगडते.

प्राचीन इंग्रजीत या शब्दाचे मूळरूप 'नेआह्' असे होते. त्याच्या अंती कंठ्य घर्षक ध्वनी होता. आजच्या लेखनात उरलेली आणि उच्चारात लोपलेली दोन अक्षरे ही त्याचीच खूण होय. 'नेआह्' म्हणजे जवळ, त्याचे तरभावाचे रूप 'नेआर्' म्हणजे अधिक जवळ, आणि तमभावाचे रूप 'नीएहस्त्' म्हणजे सर्वांत जवळ. यांतील दुसरे रूप म्हणजे आजचे 'निअर' आणि तिसरे म्हणजे आजचे 'नेक्स्ट'. म्हणजे सामान्य इंग्रजी भाषक आज 'जवळ' या अर्थी जो शब्द योजतो, तो मुळात 'अधिक जवळ' असा होता. उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेतील तशाच रूपाने या बदलास बळ दिले. तुलनेचा भाव पुसट होताच 'निअर'ला पुन्हा तरभावाचा प्रत्यय लावावा लागला आणि 'निअरर' हे दुहेरी रूप सिद्ध झाले. मूळ 'नाय' मात्र आपल्याच अपत्याने घराबाहेर काढलेल्या वृद्धासारखा काव्यात आणि धर्मग्रंथात जाऊन राहिला. 'नेबर' म्हणजे शेजारी या शब्दाच्या पूर्वार्धात तो अजूनही आहे. पण तेथे त्याला कोणी ओळखत नाही.

आता मराठीकडे वळू. सामीप्य दाखविण्यासाठी आपल्याकडे शब्दांची वाण नाही : जवळ, पाशी, लगत, निकट, समीप, सन्निध, नजीक. यांपैकी 'पाशी' हे संस्कृत 'पार्श्व' म्हणजे कूस यावरून आले, हे उघड आहे. 'जवळ' याचे मूळ 'यमल' म्हणजे जुळे, असे मानतात. ध्वनिदृष्ट्या ही व्युत्पत्ती निर्दोष आहे. आदी यकाराचा ज होणे 'यात्रा'-'जत्रा' यात दिसते, आणि मकाराचा व होणे 'कोमल'-'कोवळा', 'श्यामल'-'सावळा', 'आमलक'-'आवळा' या मालिकेत दिसते. जुळ्या अर्थाचा 'जावळा' हा शब्दही जुन्या कोशांत नोंदलेला आहेच. एकाला एक चिकटून असलेली जोडी, ही 'जवळ' या शब्दामागची मूळ कल्पना होय. 'माझ्याजवळ पैसे आहेत' किंवा 'तो माझ्या जवळचा माणूस' या प्रयोगांत ती अद्याप जिवंत आहे.

'नजीक'ची गोष्ट निराळी आहे. 'माझ्या नजीक पैसे आहेत' असे कोणी म्हणत नाही. 'नजीकचे रेल्वे स्थानक' आणि 'नजीकच्या काळात' अशा स्थलकालवाचक प्रयोगांतच हा शब्द रमतो. परभणी जिल्ह्यात त्याला कचेरीचा वास येतो, आणि हे ऐतिहासिकदृष्ट्या साहजिक आहे. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेथील दप्तरांची भाषा १८८४ पर्यंत फारसी व त्यानंतर उर्दू होती. गावांच्या नावांतील 'बुद्रुक' व 'खुर्द' ही बिरुदे फारसीच आहेत. 'नजीक' हाही फारसी 'नज़्दीक'. तो केवळ निजामी अमलात आला असे मात्र नव्हे. मोल्सवर्थ यांच्या कोशात तो फारसी म्हणूनच नोंदलेला आहे, आणि गुजरातीतही तो याच रूपात रुजला आहे. या रूपांतरात 'ज़्द' या जोडाक्षरातील द गळला. हा लोप एकट्या शब्दाचा नाही. फारसी 'मुज़्दूर'चा मराठीत 'मजूर' झाला तो याच रीतीने. हिंदीने 'नज़दीक' व 'मज़दूर' या दोहोंतही द राखला. अर्थाच्या बाबतीतही मराठीने निवड केली. उर्दूत 'मेरे नज़दीक' म्हणजे 'माझ्या मते' असाही अर्थ होतो. तो आपण घेतला नाही.

येथवरचा इतिहास सर्वपरिचित आहे, आणि सामान्यतः चर्चा येथेच थांबते : शब्द यावनी, सबब कोणाला त्याज्य, कोणाला प्रिय. माधव जूलियन हे फारसीचे अध्यापक. त्यांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश दिला आणि पुढे 'भाषाशुद्धि-विवेक'ही लिहिला. या दोन कामांत वरवर विरोध दिसतो. पण शब्दाचे कुळ जाणणे आणि तो वापरावा की नाही हे ठरविणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत. प्रस्तुत लेखकाला पहिल्या गोष्टीचेच कर्तव्य आहे.

'नज़्दीक' यातील 'नज़्द' हा अंश प्राचीन इराणी आहे. अवेस्तेत 'नज़्दिश्त' म्हणजे सर्वांत जवळचा. याचे संस्कृत प्रतिरूप 'नेदिष्ठ' होय. इराणीतील 'अज़्द' आणि संस्कृतातील 'एद' यांचा संबंध नियमबद्ध आहे. दंत्य घोष व्यंजनापूर्वीचा ज़कार संस्कृतात लोपला आणि मागील अकाराचा एकार झाला. अवेस्तेतील 'मज़्दा' आणि आपली 'मेधा' ही जोडी प्रसिद्धच आहे. 'अस्' धातूच्या आज्ञार्थातील 'एधि' हे विद्यार्थ्यांना चमत्कारिक वाटणारे रूपही याच नियमाने सिद्ध होते. 'मुज़्द' म्हणजे वेतन, याचे वैदिक प्रतिरूप 'मीढ' आहे. तेथे अकाराऐवजी इकार असल्याने तो दीर्घ झाला आणि पुढील व्यंजन मूर्धन्य बनले. इंग्रजीतील 'मीड' हा असाच जुनाट झालेला मोबदलावाचक शब्द त्याच कुळातला आहे. परभणीच्या मोंढ्यातील मजुराच्या नावाला इतके दूरचे नातलग असावेत!

संस्कृतात 'नेदीयस्' व 'नेदिष्ठ' ही रूपे आहेत. मात्र त्यांचे मूळ विशेषण वापरात नाही. पाणिनीने म्हणूनच (५.३.६३) या प्रत्ययांपूर्वी 'अन्तिक'च्या जागी 'नेद' हा आदेश सांगितला. म्हणजे संस्कृतात मूळरूप नाहीसे होऊन तर-तमभाव उरले, आणि त्यांना भलत्याच शब्दाचे पितृत्व मिळाले. इंग्रजीत मूळरूप अडगळीत गेले आणि तरभावच मूळरूप होऊन बसला. इराणीत 'नज़्द' पुढे स्वतंत्रपणे वावरू लागला, आणि त्यालाच प्रत्यय लागून आपल्याकडे आलेला शब्द बनला. सामीप्य ही कल्पनाच तुलनासापेक्ष आहे. 'जवळ' म्हटले की कोणापेक्षा, हा प्रश्न मागोमाग येतो. म्हणून अशा शब्दांची तर-तमभावाची रूपे मूळ रूपापेक्षा चिवट ठरतात, असे दिसते.

याचा सर्वांत बोलका पुरावा एका नावात आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ६१ व ६२ या सूक्तांचा द्रष्टा नाभानेदिष्ठ हा मनूचा पुत्र. अवेस्तेत 'नबानज़्दिश्त' हा शब्द सामान्यनाम म्हणून येतो आणि त्याचा अर्थ 'निकटतम आप्त' असा आहे : नाभीने, म्हणजे जन्माच्या नात्याने, सर्वांत जवळचा. इंग्रजी कायद्यातील 'नेक्स्ट ऑफ किन' याची रचनाही तीच, आणि तेथील 'नेक्स्ट' म्हणजे आपल्या 'नाय'चाच तमभाव. ऐतरेय ब्राह्मणातील कथा अशी की, नाभानेदिष्ठ गुरुगृही ब्रह्मचर्यात असताना भावांनी पित्याचे धन वाटून घेतले आणि याला वाटा ठेवला नाही. तैत्तिरीय संहितेत ही वाटणी स्वतः मनूच करतो. ज्याच्या नावाचाच अर्थ निकटतम वारस, त्यालाच वाटणीतून वगळल्याची ही कथा! नावावरून कथा रचली गेली की कथेतील पात्राला हे नाव शोभले, हा प्रश्न मिथकांच्या अभ्यासकांनी सोडवावा.

दोन इशारे आवश्यक आहेत. 'नजीक' आणि 'नेदिष्ठ' एकाच कुळातील आहेत, यावरून 'नजीक' हा मराठीचा वारसाप्राप्त शब्द ठरत नाही. तो उसनाच आहे. फक्त ज्या घरातून उसना आणला, ते घर भाऊबंदांचे निघाले. उलट, त्याला सेमिटिक शब्दांच्या रांगेत बसवून 'परकीय' म्हणणेही शास्त्रीय नव्हे. 'मौजे' व 'वारस' हे अरबी मूळचे शब्द आणि 'नजीक' यांत भेद केलाच पाहिजे, जरी तिन्ही एकाच सात-बाऱ्याच्या परिसरात भेटत असले तरी. दुसरा इशारा ध्वनिसाम्याचा. पंजाबी 'नेड़े' म्हणजे जवळ हा शब्द ऐकताच 'नेदीयस्' आठवते आणि वैदिक रूप पंजाबात टिकून राहिल्याचा मोह पडतो. परंतु 'नेड़े' हा 'निकट' या शब्दाचा प्राकृत 'णिअड'द्वारा आलेला वंशज आहे. त्यातील मूर्धन्य ध्वनी टकारातून उतरला आहे, दंत्य दकारातून नव्हे.