पोकळ झाडांतील सूतिकागृह

आपल्या घरांतील मुलांना कोकिळा, चातक, राजहंस हीं नांवें तोंडपाठ असतात. पण परसांतल्या आंब्यावर बसलेला पक्षी कोणता, असें विचारलें तर सहसा उत्तर येत नाहीं. आणि ज्या कोकिळेच्या कंठाची आपण इतकी स्तुति करतों, ती गातच नाहीं. पंचम आळवितो तो काळाकुळकुळीत नर. करड्या ठिपक्यांची मादी त्या वेळीं कावळ्याच्या घरट्यांत गुपचूप अंडें घालण्याच्या उद्योगांत असते. एवढी एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिली, तरी वसंतांत रानांत जाण्याचे श्रम सार्थकीं लागतात.

भंडारा जिल्ह्याच्या उत्तर टोंकास, तुमसर तालुक्यांत, मध्यप्रदेशाच्या सरहद्दीलगत बपेरा हें गांव आहे. बावनथडी नदी ह्या मुलखांतून वाहत जाऊन वैनगंगेस मिळते. नदीकांठ, चांदपूरचा तलाव आणि झाडीनें भरलेल्या टेकड्या अशी ही भूमि. फाल्गुन-चैत्रांत दहाबारा माणसांच्या मेळ्यानें येथल्या एकाद्या दरीतून पहांटे फिरावयास निघावें. सागाचीं पानें ह्या दिवसांत गळून गेलेलीं असतात. त्यामुळें पावसाळ्यांत जो पक्षी केवळ कानांस सांपडतो, तो आतां डोळ्यांसही सांपडतो. पळसाच्या निष्पर्ण झाडावर अर्धा तास नजर ठेवावी. एरवीं मळकट दिसणारा शिंजीर निळ्याजांभळ्या तेजानें लखलखत असतो. मैना, कोतवाल, पिवळाधमक हळद्या मध चाखावयास येतात आणि पराग माखून दुसऱ्या झाडाकडे जातात. दुरून तांबटाची टुकटुक आणि पावशाचें ‘पेरते व्हा’ ऐकूं येतें. पेरणीस अजून दोन महिने अवकाश आहे, हें त्या बिचाऱ्यास कोणी सांगावें!

परंतु ह्या सर्वांहून अधिक विचार करावयास लावणारा पक्षी म्हणजे धनेश. राखाडी अंग, लांब शेपूट, मोठी बांकदार चोंच व तिच्यावर लहानसें शिंग. रूपानें तो कांहीं सुंदर नव्हे. वड, पिंपळ, उंबर ह्यांचीं फळें हा त्याचा मुख्य आहार, आणि त्यांचें बीं रानभर पेरण्याचें कामही त्याजकडून होतें. मार्चपासून जूनपर्यंत त्याच्या विणीचा काळ. मादी जुन्या झाडाच्या ढोलींत शिरते आणि ढोलीचें तोंड विष्ठेनें व नरानें आणून दिलेल्या मातीनें आंतून लिंपून घेते. चोंच बाहेर काढण्यापुरती उभी फट तेवढी ठेवते. आंत असतांना तिचीं उडण्याचीं पिसें गळून नवीं येतात, म्हणजे मनांत आणलें तरी कांहीं काळ तिला उडतां येत नाहीं. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीचें दार लोटून घेण्याची रीत होती. येथें दाराचीच भिंत होते. नर गळ्यांत सांठवून आणलेलीं फळें एकामागून एक वर काढतो आणि फटींतून भरवितो. आमच्या मंडळींतील एका आजींनीं हा प्रकार दुर्बिणींतून पाहिला आणि कितीतरी वेळ ती दुर्बीण दुसऱ्या कोणास दिली नाहीं. अशा दिवसांत नर मारला गेला, तर आंतील मादीवर व पिलांवर उपासमारीची पाळी येते.

ढोली तरुण झाडास नसते, आणि धनेशास ती स्वतः कोरतां येत नाहीं. पोकळ झाड निकामी समजून जळणासाठीं तोडलें, म्हणजे त्याचें सूतिकागृहच गेलें. ह्या भागांत त्यांतल्या त्यांत आधार आहे तो मोहाचा. मोहाचीं फुलें हें गांवकऱ्यांचें उत्पन्न, म्हणून म्हाताऱ्या मोहावरही सहसा कुऱ्हाड पडत नाहीं. पण तोच मोह दुसऱ्या बाजूनें घातक ठरतो. गळालेलीं फुलें नीट वेंचतां यावीं म्हणून झाडाखालील पाचोळा पेटवितात. वारा सुटला कीं आग रानांत शिरते, आणि तित्तिर, लावा, रानकोंबडी ह्या जमिनीवर अंडीं घालणाऱ्या पक्ष्यांचा संसार भस्म होतो. वेंचणारांस दोष देणें सोपें आहे. ज्यांच्या घरचें मीठमिरची ह्या फुलांवर येतें, त्यांस ‘जाळूं नका’ म्हणणारानें पाचोळा झाडून काढण्याची मजुरी कोण देणार, हेंही सांगितलें पाहिजे. झाडाखालीं जाळी बांधून फुलें झेलण्याचा प्रयोग शेजारच्या मध्यप्रदेशांत झाला आहे. तो मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

ह्या रानांत वाटाड्या गांवचाच घ्यावा. वनाधिकारी मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) हे नवेगांवबांध व नागझिरा येथें असतांना रानांतल्या माणसांकडूनच पक्ष्यांचीं नांवें टिपीत गेले, आणि पुढें त्यांचा ‘पक्षिकोश’ सिद्ध झाला. तो मुलूख त्या वेळीं भंडारा जिल्ह्यांतच होता. १९९९ सालीं गोंदिया जिल्हा निराळा झाला.

मेळ्यानें जातांना मळकट कपडे घालावे व हळू बोलावें. मोबाईलवर पक्ष्याची हांक वाजवून त्यास जवळ बोलावण्याची हौस विणीच्या दिवसांत तरी कटाक्षानें टाळावी. प्रतिस्पर्धी आला ह्या भ्रमानें नर घरटें सोडून धांवतो. ढोलीपासून दूर उभें राहून पाहावें, आणि एकदां पाहिल्यावर त्या वाटेस पुन्हां जाऊं नये. पावसाच्या तोंडावर, बुंध्याशीं वाळलेल्या लिंपणाच्या खपल्या पडलेल्या दिसल्या, म्हणजे दार उघडलें असें समजावें.