अभिप्रायाचा अर्ज कसा वाचावा?

अमेरिकेतल्या विद्यापीठांत वंश आणि लिंगभाव (स्त्री-पुरुषपणाबद्दल समाजाने ठरवलेल्या कल्पना) शिकवणाऱ्या गौरेतर प्राध्यापकांची वाट कुठे अडते, हे समजून घ्यायला आपण एका सत्राच्या क्रमानेच जाऊ.

पहिला तास. गोरा प्राध्यापक हा विषय घेऊन आला की तो अभ्यासक ठरतो. कृष्णवर्णीय प्राध्यापिका आली की ‘ही आपलीच बाजू मांडणार’ असा संशय येतो. शिकवण्याआधीच तिला पात्रता सिद्ध करावी लागते.

मधले आठवडे. गुलामगिरीवर बोलताना काही विद्यार्थी अस्वस्थ होतात. ती अस्वस्थता शिकण्याचाच भाग असते, पण तक्रार शिक्षकाच्या नावे जाते. १९८६ साली स्टॅनफर्डमध्ये डेरिक बेल संविधानाचा कायदा शिकवत होते. विद्यार्थ्यांच्या तक्रारींवरून इतर प्राध्यापकांची जादा व्याख्याने ठरली; खरे कारण बेल यांना कुणी सांगितले नाही. हार्वर्डच्या कायदा विद्यालयात कायम झालेले पहिले कृष्णवर्णीय प्राध्यापक असूनही त्यांच्या वाट्याला हे आले.

सत्राचा शेवट. विद्यार्थी नाव न लिहिता अभिप्रायाचा अर्ज भरतात आणि शिक्षकाला गुण देतात. चूक सर्वाधिक इथेच होते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात एक स्त्री आणि एक पुरुष अशा दोन शिक्षकांनी ऑनलाइन वर्गांत नावांची अदलाबदल केली. गृहपाठ एकाच वेळी तपासून परत दिले, तरी तत्परतेचे गुण पुरुषाच्या नावाला जास्त मिळाले. म्हणजे अर्जात शिकवण्याबरोबर पूर्वग्रहही मोजला जातो.

त्यानंतर फाइल. हे गुण ‘टेन्युअर’च्या, म्हणजे सहसा सहा-सात वर्षांनी होणाऱ्या कायम नेमणुकीच्या निर्णयात धरले जातात. समितीपुढे सरासरीचा आकडा येतो. तास कोणत्या विषयाचा होता, हे त्या आकड्यात दिसत नाही. त्या धास्तीने शिक्षक अवघड धडा सौम्य करतो, आणि नुकसान विद्यार्थ्यांचे होते.

मग करायचे काय? आपण समितीवर असाल, तर सरासरीवर थांबू नका. सहकाऱ्याला तासाला बसवा, अभ्यासक्रम आणि विद्यार्थ्यांचे लेखन पाहा. कॅनडातल्या तेव्हाच्या रायरसन विद्यापीठात याच प्रश्नावरून झालेल्या वादात २०१८ साली लवादाने सांगितले, की बढती आणि टेन्युअरसाठी अध्यापनाची परिणामकारकता विद्यार्थ्यांनी दिलेल्या गुणांवरून मोजू नये.

आणि आपण विद्यार्थी असाल, तर अर्ज भरण्याआधी स्वतःला विचारा: मला शिकवणे खटकले, की शिकलेले?