कर्मचारी खर्च प्रतिपूर्ती

कर्मचाऱ्याने कार्यालयीन कामासाठी स्वतः केलेला खर्च आस्थापनेने त्यास परत करणे, यास खर्च प्रतिपूर्ती असे म्हणतात.

संगणक प्रणालीत कर्मचारी पावतीचे छायाचित्र जोडून दावा नोंदवतो. प्रणाली तो ठरलेल्या मर्यादेशी ताडून पाहते. विभागप्रमुखाच्या मंजुरीनंतर लेखा विभाग आधी दिलेली उचल वजा करून उर्वरित रक्कम बँक खात्यात जमा करतो.

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यामुळे पावतीच्या तपशिलास महत्त्व आले. छत्रपती संभाजीनगर येथील वाळूज औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्याचा अभियंता कामानिमित्त पुण्यात हॉटेलात उतरल्यास बिलावर कंपनीचे नाव व १५ वर्णांचा जीएसटी क्रमांक असावा लागतो. बिल वैयक्तिक नावाने असल्यास कंपनीस इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. हैदराबाद येथील हॉटेलाच्या बिलावरील कराचे क्रेडिट तर केवळ महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या कंपनीस मिळतच नाही.

प्रणालीमुळे छाननी सुलभ होते. मंजुरी मात्र अधिकाऱ्यावरच अवलंबून असते. ती लांबल्यास कंपनीच्या खर्चाचा भार तोवर कर्मचाऱ्यावर राहतो. त्यामुळे दावा सादर करण्याप्रमाणेच तो निकाली काढण्याचीही मुदत धोरणात नमूद असणे आवश्यक ठरते.