काजळीला गिऱ्हाईक हवं

अलिबागजवळ थळला आरसीएफचा खत कारखाना आहे, बॉम्बे हायच्या वायूच्या भरवशावर उभा राहिलेला. निकेलचा उत्प्रेरक भरलेल्या तापत्या नळ्यांमधून मिथेन आणि वाफ एकत्र सोडली की हायड्रोजन सुटतो. त्याचा पुढे अमोनिया होतो आणि अमोनियाचा युरिया. अशा नळ्यांच्या भट्टीवर, म्हणजे रिफॉर्मरवर, काम करणाऱ्यांना धास्ती असते ती कार्बनची. वाफ कमी पडली की मिथेन निकेलवर फुटतो, काजळी उत्प्रेरकाच्या गोळ्यांत शिरते, गोळ्यांचा भुगा होतो आणि नळी चोंदते. म्हणून वाफ नेहमी गरजेपेक्षा जास्तच सोडतात.

हाच उपद्रव मुद्दाम घडवून आणणाऱ्या भट्टीची ही गोष्ट. इथे वाफ द्यायचीच नाही, नुसता मिथेन तापल्या धातूवर सोडायचा. १६ किलो मिथेनमधून ४ किलो हायड्रोजन निघून जातो आणि १२ किलो कार्बन मागे उरतो. ऑक्सिजनच नसल्याने या क्रियेत कार्बन डायऑक्साइड होत नाही. वाफेच्या पद्धतीत तो किलोभर हायड्रोजनमागे नऊ-दहा किलो निघतो. उत्प्रेरकाशिवाय मिथेन फोडायला हजार-बाराशे अंश तापमान लागतं; निकेलवर ५०० ते ७०० अंशांत भागतं, लोखंडाला त्याहून जरा जास्त.

प्रयोगशाळेतलं यंत्र दिसायला अगदीच साधं असतं. आडवी विजेची भट्टी, तिच्यातून आरपार गेलेली क्वार्ट्झची नळी, नळीत होडीच्या आकाराची पांढरी वाटी आणि वाटीत चिमूटभर पूड. आधी आर्गॉन सोडून हवा हाकलायची, मग हायड्रोजनने धातूवरचा ऑक्साइड उतरवायचा आणि मगच मिथेन. भट्टी निवल्यावर वाटी बाहेर काढावी तर पूड दिसतच नाही. काठाबाहेर फुगून आलेलं भुसभुशीत काळं काहीतरी, दिवाळीतल्या नागगोळीसारखं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यात पोकळ तंतूंचं जंजाळ दिसतं आणि कित्येक तंतूंच्या टोकाला निकेलचा एकेक कण. मिथेन कणाच्या एका अंगाला फुटतो, कार्बन दुसऱ्या अंगाला जाऊन नळीची भिंत रचतो आणि कण त्या भिंतीवर वर वर उचलला जातो. कण जेवढा बारीक तेवढा तंतू बारीक. कार्बनने कणाला चहूबाजूंनी वेढलं की त्याचं काम संपलं.

अशा पोकळ तंतूंची, म्हणजेच नॅनोट्यूबची, चित्रं रादुश्केविच आणि लुक्यानोविच या सोव्हिएत संशोधकांनी १९५२ मध्येच छापली होती, पण रशियन नियतकालिकात. जगाचं लक्ष गेलं ते १९९१ मध्ये, सुमिओ इजिमांच्या ‘नेचर’मधल्या निबंधानंतर. आपल्याकडे आयआयटी मुंबईत महेश्वर शॅरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चक्क कापरापासून नॅनोट्यूब केल्या.

या भट्टीचा हिशेब कागदावर मोहक आहे. पाण्यातून हायड्रोजन काढायला लागणाऱ्या ऊर्जेच्या सातव्या-आठव्या हिश्श्यात इथे काम होतं. पण त्यात एक मेख आहे. मिथेन फोडल्यावर हाती येणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी चार दशांश कार्बनमध्ये अडकलेली असते. कार्बन जाळला तर ती मिळेल, पण मग एवढी उठाठेव कशाला? म्हणजे तो विकायलाच हवा. जगाला वर्षाला साडेनऊ कोटी टनांच्या आसपास हायड्रोजन लागतो. तो सगळा असा काढला तर २८ कोटी टनांवर कार्बन साठेल. टायरवाल्यांसह सगळ्यांचा कार्बन ब्लॅकचा खप दीड कोटी टनांच्या घरात. नॅनोट्यूबला बॅटरीवाले चांगला भाव देतात, पण धातू धुऊन काढलेल्या मालाला. आणि आम्लाने धुतलं की उत्प्रेरक गेलाच. हायड्रोजनचं कौतुक पुष्कळ होतं, धंदा मात्र काजळी ठरवते.

थळला ही भट्टी सरळ बसवता येईल का? नाही. युरियाला कार्बन डायऑक्साइडही लागतो आणि तो जुन्या पद्धतीतून आयता मिळतो.

ऑस्ट्रेलियात पर्थजवळ हेझर कंपनीने निकेल सोडून स्वस्त लोहखनिज घेतलं. तिथल्या सांडपाणी केंद्राच्या बायोगॅसवर २०२४ च्या सुरुवातीला त्यांचा प्रात्यक्षिक प्रकल्प हायड्रोजन आणि ग्रॅफाइट देऊ लागला. मला ही वाट जास्त पटते. भारताची २०२३ ची हरित हायड्रोजनची व्याख्याही जैवभारापासून केलेल्या हायड्रोजनला जागा देते. खनिज वायूपासून केलेला तिच्यात बसत नाही.

मग म्हैसूर जिल्ह्यातल्या पिरियापट्टणसारख्या तालुक्यात, गोठ्यामागे ही भट्टी बसवावी का? दोन घनमीटर गोबरगॅसमधला मिथेन फोडला तर जेमतेम २०० ग्रॅम हायड्रोजन आणि ६०० ग्रॅम कार्बन मिळेल. त्याआधी गंधक काढायचं, नाहीतर निकेल मरतो. कार्बन डायऑक्साइड काढायचा, नाहीतर तोच पिकलेला कार्बन खातो. एवढ्या गॅसवर घराचा स्वयंपाक होतो. तिथे तो चुलीत जाळावा. ही भट्टी शोभेल ती शहराच्या मैलापाणी केंद्राशेजारी, जिथे गॅस टनांनी निघतो आणि कार्बन उचलणारा टायर किंवा बॅटरीचा कारखाना ट्रकच्या टप्प्यात असतो.